किल्ली मुकी झाली तर काय करायचं, हे ताबा देतानाच दाखवा

प्रति,
मोटारी बनवणाऱ्या कंपन्या, त्यांची शोरूम आणि सर्व्हिस सेंटर,
पिंपरी, चाकण, तळेगाव, रांजणगाव, नाशिक आणि इतरत्र.

विषय : बटणावर सुरू होणाऱ्या गाड्यांचा ताबा देताना ग्राहकाला काय दाखवावं आणि गाडीत काय सुधारावं.

स. न. वि. वि.

खिशातली किल्ली बाहेर न काढता दार उघडणारी आणि बटणावर सुरू होणारी गाडी आता फक्त श्रीमंतांची राहिलेली नाही. छोट्या हॅचबॅकच्या वरच्या व्हेरियंटमध्येही ही सोय मिळते. सोय चांगली आहे, ती काढून टाका असं आमचं म्हणणं नाही. पण ही किल्ली ज्या दिवशी बोलेनाशी होते, त्या दिवसासाठीची व्यवस्था तुम्हीच गाडीत करून ठेवलेली असते आणि ती गाडीवाल्याला कुणी दाखवत नाही. मग तीसचाळीस रुपयांचा सेल संपला म्हणून धडधाकट गाडी टोइंगच्या ट्रकवर चढते.

ताबा घेण्याचा दिवस म्हणजे घरचं कार्य. दसरा, पाडवा, अक्षय्य तृतीया, धनत्रयोदशीला शोरूमच्या आवारात गाड्यांच्या रांगा लागतात. हार, नारळ, बॉनेटवर स्वस्तिक, चाकाखाली लिंबू आणि पुठ्ठ्याची भलीमोठी किल्ली हातात धरून घरच्यांचा फोटो. त्या गडबडीत सनरूफ कसं उघडतं आणि फोन कसा जोडायचा एवढं दाखवून होतं. खऱ्या किल्लीबद्दल बोलायला कुणाला सवड नसते. पुस्तिका असते, पण ती इंग्रजीत, आणि अलीकडे पुष्कळदा फक्त क्यूआर कोडवर. बेसमेंटमध्ये मोबाइलला रेंज नसताना तो कोड काय कामाचा?

आधी ही यंत्रणा चालते कशी ते थोडक्यात सांगतो, कारण पुढचे सगळे घोळ त्यातूनच येतात. हँडलवरचं बटण दाबलं की गाडीतल्या अँटेना कमी कंपनसंख्येच्या रेडिओलहरींवर, बहुतेक गाड्यांत १२५ किलोहर्ट्झच्या आसपास, एक हाक मारतात. ही हाक मुद्दाम तोकडी ठेवलेली असते, हँडलपासून मीटर-दीड मीटर. किल्लीला ती ऐकू आली की ती ४३३.९२ मेगाहर्ट्झवर आपली सांकेतिक ओळख पाठवते. गाडीला ओळख पटली की कुलूप उघडतं. आत बसून स्टार्ट बटण दाबलं की तीच देवाणघेवाण पुन्हा होते, या वेळी केबिनमधल्या अँटेनांवरून. ऐकायलाही सेल लागतो आणि बोलायलाही. पण किल्लीच्या पोटात आणखी एक वस्तू असते, इमोबिलायझरची, म्हणजे ओळख पटल्याशिवाय इंजिन सुरू न होऊ देणाऱ्या यंत्रणेची चिप. तिला सेल लागत नाही. गाडीतल्या कॉइलच्या, म्हणजे तारेच्या वेटोळ्याच्या, अगदी जवळ नेली की त्या कॉइलच्या चुंबकीय क्षेत्रातूनच तिला पुरेशी वीज मिळते. सेल पूर्ण मेला तरी गाडी सुरू होऊ शकते ती या चिपमुळे. शोरूममध्ये दाखवली जात नाही ती नेमकी हीच गोष्ट.

रीत सोपी आहे. किल्लीच्या कडेची खिट्टी सरकवली की आतून धातूचं पातं बाहेर येतं. त्यानं ड्रायव्हरचं दार उघडतं. काही गाड्यांत किल्लीचं भोक हँडलवर उघडं दिसतं, काहींत ते प्लास्टिकच्या टोपीखाली लपवलेलं असतं. टोपीच्या खालच्या बाजूला बारीक खाच असते, तिच्यात पात्याचं टोक घालून टोपी उचकटायची. दार असं उघडलं तर सायरन वाजू शकतो. घाबरू नये, गाडी सुरू झाली की तो थांबतो. मग ब्रेक दाबायचा, ऑटोमॅटिक नसेल तर क्लचही, आणि किल्ली स्टार्ट बटणाला टेकवायची. काही गाड्यांत लोगोची बाजू टेकवावी लागते, काहींत किल्लीनंच बटण दाबायचं असतं. काही मॉडेलमध्ये कॉइलची जागा बटणावर नसून स्टिअरिंगच्या दांड्याच्या कडेला, गिअरजवळच्या कप्प्यात किंवा कन्सोलमधल्या रबरी चटईखाली असते. कॉइलचा पल्ला दोन-तीन सेंटिमीटरच असतो, त्यामुळे जागा बोटभर चुकली तरी गाडी दाद देत नाही. खरा अडसर आहे तो जागा माहीत नसण्याचा. प्रत्येक कंपनीनं ती वेगळीकडे ठेवली आहे आणि बहुतेकांनी तिथं साधी खूणही केलेली नाही. किल्लीच्या आकाराचं नखाएवढं चित्र त्या जागी ठसवा, एवढंच मागतो आहोत. प्लास्टिकच्या साच्यात त्याला कितीसा खर्च येणार?

पात्याबद्दल आणखी एक. वर्षानुवर्षं न वापरल्यामुळे दाराचं कुलूप आतून धुळीनं आणि गंजानं धरतं. जोर लावला की पातं पिळलं जातं आणि भोकातच तुटतं. सहा महिन्यांतून एकदा पात्यानं दार उघडून-लावून बघावं. कुलपात तेल सोडू नये, तेलावर धूळ बसून चिखल होतो. ग्रॅफाइटची पूड किंवा कोरडा स्प्रे चालतो. हे काम तुमच्या नियमित सर्व्हिसच्या यादीत घातलं तर मेकॅनिकचं एक मिनिट जाईल.

आता सेल. बहुतेक किल्ल्यांत सीआर२०३२ असतो आणि त्याचं माप त्या आकड्यातच आहे, व्यास २० मिलिमीटर, जाडी ३.२ मिलिमीटर. दुकानात तो नसला की ‘हाच चालतो’ म्हणून सीआर२०२५ दिला जातो. व्यास तोच, पण जाडी २.५. आतल्या पत्तीला उरलेली ०.७ मिलिमीटरची पोकळी नीट भरून काढता येत नाही. किल्ली हातात असताना चालते, खिशात हलली की बंद पडते आणि गाडीवाला ‘रिमोट खराब झाला’ म्हणून सर्व्हिस सेंटरला येतो. तिथं कुणी उघडून न बघताच नव्या किल्लीचं एस्टिमेट हातात देतो. हे थांबवा.

सेल बदलायचा तर आधी पातं काढायचं. पात्याच्या जागी जी फट दिसते तिच्यात कापड गुंडाळलेला चपटा स्क्रू-ड्रायव्हर किंवा नाणं घालून हलकेच पीळ द्यायचा, की दोन कवचं सुटतात. जुना सेल कोणत्या तोंडानं बसला आहे त्याचा मोबाइलवर फोटो काढून ठेवायचा. नवा सेल कडेनं धरायचा, दोन्ही बाजूंना बोटं लावायची नाहीत, कारण बोटाचं तेल आणि घाम संपर्क बिघडवतात. धातूचा चिमटा नको, त्यानं दोन्ही बाजू जोडल्या जाऊन सेल शॉर्ट होतो. आतली पत्ती वाकवायची नाही. कवचाच्या कडेला रबराची बारीक दोरी असेल तर ती खोबणीत बसली आहे ना ते बघूनच कवच दाबायचं. पावसात किल्लीत पाणी शिरतं ते याच दोरीच्या चुकीमुळे. काही सेलवर लहान मुलांनी तोंडात घालू नये म्हणून कडू लेप असतो. तो लेप काही किल्ल्यांत संपर्कात अडथळा आणतो. नवा सेल घालूनही किल्ली गप्प असेल तर बिनलेपाचा घालून बघावा. आणि काढलेला सेल टेबलावर सोडू नये. मुलानं गिळला आणि तो अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांत आतून गंभीर भाजू शकतं. अशा वेळी उलटी करायला लावायची नाही, थेट हॉस्पिटल गाठायचं.

सेल बदलल्यावर ‘किल्ली पुन्हा प्रोग्रॅम करावी लागेल’ असं काही काउंटरवर सांगितलं जातं. सर्वसाधारणपणे त्याची गरज नसते. किल्लीची ओळख वीज गेली तरी टिकणाऱ्या मेमरीत लिहिलेली असते. या कारणासाठी पैसे आकारू नका.

सेल थकल्याची लक्षणं आधी कळतात. बटणानं दार उघडण्याचं अंतर घटत जातं, हँडल दुसऱ्या-तिसऱ्या दाबाला ऐकतं, मीटरमध्ये किल्लीच्या बॅटरीचा इशारा येऊन जातो. व्होल्ट मोजायचा मल्टिमीटर मात्र फसवतो. थकलेला सेलही नुसता मोजला तर ३ व्होल्टच्या जवळ दाखवतो, पण किल्ली बोलायला लागते त्या क्षणी त्याचा दाब कोसळतो. ४७० ओहमचा रेझिस्टर क्षणभर लावून मोजावं. नवा सेल ३ व्होल्टच्या आसपास टिकून राहतो, संपत आलेला भराभर उतरतो. थंडीत सेलचा आतला रोध वाढतो, म्हणून पुण्यात चालणारी किल्ली डिसेंबरात महाबळेश्वरला पहाटे हात वर करते. सेल दोन वर्षांनी बदलूनच टाकावा, संपायची वाट बघू नये.

किल्लीचा सेल अकाली संपण्याचं एक कारण तर घराच्या रचनेतच असतं. रो-हाउसमध्ये गाडी भिंतीला लागून उभी आणि त्याच भिंतीच्या आतल्या बाजूला किल्ल्यांचा हूक. गाडीची हाक पोचण्याएवढी किल्ली जवळ असली की ती पुन्हा पुन्हा जागी होते. गाडीही जागी होते आणि तिची १२ व्होल्टची बॅटरीही झिजते. हूक दोन-तीन मीटर लांब सरकवला की दोन्ही प्रश्न सुटतात. त्यासाठी सेल्समनचं एक वाक्य पुरेसं आहे.

गाडीची बॅटरी पूर्ण उतरली तर घोळ वेगळा. किल्लीचा सेल ठणठणीत असतो, पण ऐकायला गाडीच जागी नसते. पात्यानं ड्रायव्हरचं दार उघडतं, तिथून बॉनेटची दोरी ओढता येते. डिक्की मात्र बहुतेक गाड्यांत बाहेरून उघडत नाही, कारण तिचं कुलूप विजेवर चालतं. आणि जंपर केबल लोक ठेवतात डिक्कीत! ताबा देताना सांगा की केबल सीटखाली ठेवा, किंवा मागची सीट पाडून डिक्कीत हात कसा घालायचा ते दाखवा. विश्रांतीत १२.६ व्होल्ट म्हणजे बॅटरी भरलेली, १२.२ म्हणजे निम्मी, ११.८ म्हणजे जवळपास रिकामी. जोडताना लाल केबल आधी उतरलेल्या बॅटरीच्या प्लसला, मग चांगल्या बॅटरीच्या प्लसला. काळी आधी चांगल्या बॅटरीच्या मायनसला आणि तिचं शेवटचं टोक बंद गाडीच्या इंजिनावरच्या रंग नसलेल्या धातूला, बॅटरीपासून लांब. वीज परत आली की सायरन ओरडतो, तेव्हा किल्ली हातात तयार ठेवावी. इलेक्ट्रिक गाडीवाल्यांना हे जास्त ठासून सांगा. मोठी बॅटरी ऐंशी टक्के भरलेली असली तरी दारं आणि कॉम्प्युटर चालतात ते १२ व्होल्टच्या छोट्या बॅटरीवर. ती गेली की गाडी बटणानं उघडतही नाही आणि चालूही होत नाही, हे त्यांच्या गावीही नसतं.

हँडलवरच्या त्या काळ्या बटणाकडे आता जवळून बघू या. नखाएवढं रबर, त्याखाली बारीक मायक्रोस्विच. तीन-चार उन्हाळे उघड्यावर काढले की रबर कडक होतं आणि कडेला केसाएवढी चीर पडते. डोळ्यांना दिसत नाही, नखानं दाबलं की उघडते. पहिल्या दोन-तीन पावसांत पाणी त्या चिरेतून आत उतरतं आणि तांब्यावर हिरवट थर चढतो. मग दोनांपैकी एक होतं. बटण दाद देत नाही, किंवा दाबलेलंच राहतं. दाबलेलं राहिलं तर किल्ली जवळ असताना दारं आपोआप उघडझाप करतात, आणि त्याहून वाईट म्हणजे गाडीचा कॉम्प्युटर झोपतच नाही. निरोगी गाडी बंद केल्यावर अर्ध्या तासात साधारण २० ते ५० मिलिअँपिअरवर येते. न झोपणारी गाडी सहज १ अँपिअर ओढते. दिवसाला २४ अँपिअर-तास, म्हणजे ४५ अँपिअर-तासाची बॅटरी दोन दिवसांत गेली. लोक बॅटरी बदलतात, ती पुन्हा उतरते, तिसऱ्यांदा कुणीतरी शहाणा वायरमन हँडल उघडतो.

जून-जुलैत बॅटरीच्या तक्रारीवर आलेल्या गाडीचं हँडल आधी तपासा, हे तुमच्या सर्व्हिस सेंटरला लेखी कळवा. आणि रबराचा तुकडा सुटा विकत द्या. काही मॉडेलमध्ये एवढ्याशा रबरासाठी रंगवलेलं अख्खं हँडल घ्यावं लागतं, ते योग्य नाही.

बटणाऐवजी नुसत्या स्पर्शावर चालणारी हँडल असतात, त्यांची तऱ्हा निराळी. हाताची जवळीक ओळखणाऱ्या त्या संवेदकाला पाण्याची धार आणि हात यातला फरक नेहमी कळत नाही. सोसायटीत सकाळी गाडी धुणारा दादा पाइपनं पाणी मारतो, किल्ली मालकाच्या शर्टाच्या खिशात, आणि मालक शेजारीच फोनवर. गाडी उघडते, मिटते, आरसे दुमडतात, पुन्हा उघडतात. गाडी धुताना किल्ली किमान २ मीटर लांब ठेवा, एवढी सूचना पुरे. जिच्याजवळ काही सेकंद उभं राहिलं की आपोआप उघडते त्या डिक्कीचंही तेच. ज्यांचं पार्किंग भिंतीला चिकटून आहे त्यांना ही सोय स्क्रीनवरून बंद करून द्या, नाहीतर झाकण भिंतीवर आपटून रंग उडतो.

आता जो घोळ सगळ्यात जास्त पेचात टाकतो तो. किल्ली एकाच्या खिशात, गाडी दुसऱ्याच्या हातात. स्टेशनवर किंवा विमानतळावर सोडायला गेलेल्या घरांत हे हमखास होतं. किल्ली आईच्या पर्समध्ये असते, आई उतरते, गाडी टुकटुक करते, मीटरवर इशारा येतो, मागून हॉर्न सुरू असतात म्हणून मुलगा गाडी पुढे काढतो. इंजिन चालूच राहतं, आणि ते राहायलाच हवं. किल्लीचा संपर्क तुटला म्हणून चालत्या गाडीचं इंजिन बंद करणं जीवघेणं ठरेल. पण पेट्रोल पंपावर गाडी बंद केली की खेळ संपला, तोपर्यंत आई पुणे-नागपूर गाडीत बसलेली असते. इथं तुमच्या हातात पुष्कळ आहे. तीन टुकटुक आणि नखाएवढं चिन्ह हा इशारा पुरेसा नाही. किल्ली गाडीबाहेर गेली की पडद्यावर मोठ्या अक्षरांत, मराठीत लिहून आलं पाहिजे : ‘किल्ली गाडीत नाही. इंजिन बंद करू नका, आधी किल्ली परत घ्या.’ भाषा बदलायची सोय त्याच पडद्यावर गाण्यांसाठी असते, ती इथंही वापरा.

याचाच उलटा प्रकार म्हणजे माणूस किल्ली घेऊन गेला आणि इंजिन चालू राहिलं. जुन्या गाडीत किल्ली काढायची तर इंजिन बंद करावंच लागे. आता तो धागा तुटला आहे. हायब्रिड गाडी सिग्नलला किंवा घरापाशी शांत असते, माणसाला वाटतं बंद झाली. थोड्या वेळानं तिचं इंजिन आपणहून सुरू होतं. घराखालच्या बंद गॅरेजमध्ये त्यातून कार्बन मोनॉक्साइड साठतो. त्याला वास नाही, रंग नाही. अमेरिकेत यातून माणसं दगावली आणि २०२१ च्या पायाभूत सुविधा कायद्यात तिथल्या वाहतूक खात्याला सांगण्यात आलं की बिनकिल्लीच्या गाड्यांचं इंजिन ठरावीक वेळानं आपोआप बंद व्हावं असा नियम करा. आपल्याकडे रो-हाउसची गॅरेजं आणि बंगल्यांची तळघरं कमी नाहीत. नियमाची वाट न बघता ही सोय इथल्या गाड्यांत द्या. ती मूलतः सॉफ्टवेअरची बाब आहे. आणि वाहनांची मानकं जिथं लिहिली जातात ती एआरएआय पुण्यातच आहे, तिथं हा विषय तुम्हीच मांडू शकता.

ऑटोमॅटिकमध्ये आणखी एक बारीक गोष्ट. गिअर ‘पी’मध्ये न घेता बटण दाबलं तर बऱ्याच गाड्यांत इंजिन बंद होतं, पण गाडी पूर्ण बंद होत नाही. पडदा, पंखा चालू राहतात आणि सकाळी बॅटरी उतरलेली सापडते. चालत्या गाडीत इंजिन तातडीनं बंद करायचं असेल तर बटण एकदा दाबून काही होत नाही. मॉडेलप्रमाणे दोन-तीन सेकंद दाबून ठेवावं लागतं किंवा भराभर तीनदा दाबावं लागतं. त्यानंतर स्टिअरिंग जड होतं आणि ब्रेकला जास्त जोर लागतो. ॲक्सिलरेटर अडकलेल्या क्षणी हे पुस्तिकेत शोधायला वेळ नसतो, म्हणून आधी माहीत हवं.

किल्ली आत राहून गाडी लॉक होत नाही, असं शोरूममध्ये ठामपणे सांगितलं जातं. बहुधा होत नाही हे खरं. पण डॅशबोर्डची वरची बाजू, दाराचे खिसे, मागच्या काचेखालची फळी इथं अँटेनाची हाक कमी-जास्त पोचते. लॅपटॉपच्या बॅगेत, स्टीलच्या डब्याला लागून किंवा फोनला चिकटून ठेवलेली किल्ली गाडीला दिसत नाही. शिवाय दुसरी किल्ली बाहेर कुणाच्या खिशात असेल तर तिच्यावर गाडी खुशाल लॉक होते. आत लहान मूल असेल तर क्षणभरही प्रयोग करत बसू नये. मूल मोठं असेल तर त्याला आतलं हँडल ओढायला सांगावं, बऱ्याच गाड्यांत पुढचं दार दोनदा ओढलं की उघडतं. नाहीतर ११२ ला फोन आणि मुलापासून सर्वात लांबची बाजूची काच फोडायची, मधोमध न मारता कोपऱ्यात. समोरच्या काचेवर वेळ घालवू नये, तिच्यात प्लास्टिकचा पापुद्रा असतो आणि ती फुटून पडत नाही.

दुसऱ्या उपकरणांच्या लहरी किल्लीच्या आड येतात, त्याबद्दल थोडक्यात. फोनच्या वायरलेस चार्जिंगचा पॅड ८७ ते २०५ किलोहर्ट्झच्या पट्ट्यात चालतो, म्हणजे गाडीच्या हाकेच्या अगदी मांडीला मांडी लावून. किल्ली त्या पॅडवर किंवा शेजारच्या कप होल्डरमध्ये ठेवली की ‘किल्ली सापडत नाही’ असं येणारच. आणि तुम्ही पॅड व कप होल्डर शेजारीशेजारी देता! बाजारात मिळणारी धातूची किंवा धातूचा मुलामा असलेली किल्लीची कव्हरं पल्ला घटवतात. दोन गाड्यांच्या किल्ल्या एका रिंगमध्ये अडकवू नयेत. स्वस्त यूएसबी चार्जर आणि डॅशकॅमही गोंधळ करतात, शंका आली की ते सॉकेटमधून काढून बघावेत. टीव्ही टॉवर, विमानतळ, मोठे डिजिटल फलक यांच्या जवळही किल्ली बहिरी होते. दहा पावलं बाजूला जाण्यापेक्षा किल्ली स्टार्ट बटणाला टेकवणं सोपं.

आणि किल्लीवर खापर फोडण्याआधी ब्रेकलाइट बघायची सवय लावा. ब्रेक दाबल्याची खबर गाडीला पेडलजवळचा एक छोटा स्विच देतो. तो गेला की बटण दाबून फक्त लाइट लागतात, इंजिन फिरत नाही, आणि मागचे ब्रेकलाइटही लागत नाहीत. स्विच स्वस्त, काम दहा मिनिटांचं. स्टिअरिंग लॉकमध्ये अडकलं असेल तर ते डावी-उजवीकडे हलकं हलवत बटण दाबावं.

चोरीबद्दल शोरूम गप्प राहतात, म्हणून ते आम्ही लिहितो. झुरिचच्या ईटीएच विद्यापीठातल्या संशोधकांनी २०११ साली ८ कंपन्यांच्या १० गाड्या तपासल्या. सगळ्याच गाड्या गाडीची हाक लांबवून उघडता आल्या. एक जण गाडीपाशी, दुसरा घराच्या दाराशी अँटेना घेऊन. गाडीची तोकडी हाक पलीकडे पोचवली की आत हुकाला लटकलेली किल्ली इमानानं उत्तर देते. सांकेतिक भाषा फोडावीच लागत नाही. याला उपाय आहेत आणि ते तुम्हाला ठाऊक आहेत. एक, किल्लीत हालचाल ओळखणारी चिप घालणं, म्हणजे टेबलावर स्थिर पडलेली किल्ली काही वेळानं झोपते. दोन, यूडब्ल्यूबी (अल्ट्रा-वाइडबँड) हे रेडिओ तंत्र, ज्यात उत्तर यायला लागलेला वेळ मोजला जातो. रेडिओलहर नॅनोसेकंदाला ३० सेंटिमीटर जाते, त्यामुळे लांबून आणलेलं उत्तर उशिरा येतं आणि पकडलं जातं. हे महागड्या मॉडेलपुरतं ठेवू नका. निदान पहिला उपाय तरी प्रत्येक किल्लीत हवा.

तोवर ग्राहकाला लहरी अडवणारं धातूच्या जाळीचं पाकीट वापरायला सांगा, पण तपासायची रीतही सांगा. किल्ली पाकिटात, पाकीट हातात, आणि हँडलचं बटण दाबायचं. दार उघडलं तर पाकीट निकामी. घडीवरची जाळी काही महिन्यांत तुटते, म्हणून हे अधूनमधून करावं. स्टीलचा डबा चालेल का, असं सगळे विचारतात. एखादा चालतो, एखादा नाही, झाकणाच्या फटीवर अवलंबून. तीच परीक्षा डब्यालाही लावावी. स्पर्शानं उघडण्याची सोय गाडीच्या मेनूतून किंवा किल्लीची दोन बटणं एकत्र दाबून बंद करता येत असेल तर ती रीत छापून द्या. येत नसेल तर सर्व्हिस सेंटरमध्ये फुकट बंद करून द्या.

हाक लांबवण्यापलीकडेही चोरीच्या वाटा आहेत. गाडीतले दोष तपासण्यासाठी स्टिअरिंगखाली असलेल्या १६ पिनांच्या ओबीडी सॉकेटमधून नवी किल्ली गाडीच्या गळी उतरवता येते. २०२३ मध्ये ब्रिटनमधून उघड झालेल्या पद्धतीत तर हेडलाइटमागची वायर गाठून गाडीच्या आतल्या संदेशवाहिनीत खोटे संदेश घातले गेले. म्हणून ज्याला लोक जुनाट समजतात तो स्टिअरिंगला बाहेरून अडकवायचा लोखंडी दांडा आजही कामाचा आहे, आणि हे सांगायला तुम्ही कमीपणा मानू नये.

किल्ली हरवली तर बहुतेक ठिकाणी नवी देऊन विषय संपवला जातो. हरवलेली किल्ली गाडीच्या आठवणीतून पुसली पाहिजे, नाहीतर ती ज्याला सापडेल त्याच्या हातातही गाडी तिला ओळखतच राहते. नवी जोडताना घरातल्या सगळ्या किल्ल्या आणायला सांगा, जुन्या नोंदी खोडा, आणि गाडीत आता किती किल्ल्या नोंदलेल्या आहेत तो आकडा बिलावर छापून द्या. जुनी गाडी घेणाऱ्यालाही हा आकडा मागण्याचा हक्क असावा. गाडी चोरीला गेली तर विमा कंपनी दोन्ही मूळ किल्ल्या मागते, एक नसली की दावा अडतो. म्हणून हरवल्याच्या दिवशीच पोलिसांत नोंद करा आणि विमा कंपनीला कळवा, हेही काउंटरवर सांगितलं जावं. पात्याचा नंबर असलेली छोटी पट्टी ताब्याच्या वेळी किल्लीबरोबर येते. लोक ती रिंगलाच अडकवून ठेवतात. ती काढून घरच्या कागदपत्रांत ठेवायला सांगा.

तेव्हा मागणी अशी. ताब्याच्या दिवशी वीस मिनिटं राखून ठेवा आणि पाच गोष्टी ग्राहकाच्याच हातून करून घ्या : पातं काढणं, पात्यानं दार उघडणं, किल्लीतला सेल काढून ठेवून गाडी सुरू करणं, मागची सीट पाडून डिक्कीत पोचणं, आणि इंजिन तातडीनं बंद करण्याची रीत तोंडपाठ म्हणणं. सेल काढूनच दाखवा, नुसतं सांगितलेलं कुणाच्या लक्षात राहत नाही. घरात गाडी चालवणारे जेवढे असतील तेवढ्यांना बोलवा. दसऱ्या-पाडव्याच्या गर्दीत जमणार नसेल तर पहिल्या मोफत सर्व्हिसला, हजार किलोमीटरला किंवा महिनाभरानं, हेच करा आणि जॉब कार्डवर त्याची सही घ्या. बरोबर हाताच्या पंजाएवढं एक मराठी कार्ड द्या. त्यावर या मॉडेलमध्ये किल्ली टेकवायची जागा चित्रानं, सेलचा नंबर, किल्लीच्या भोकाची जागा आणि मदतीचा फोन. कार्डाची एक प्रत पाकिटात मावेल अशी करा. गाडीच्या ग्लोव्ह बॉक्समध्ये ठेवलेलं कार्ड गाडी लॉक असताना वाचता येत नाही.

कार्डाचा मजकूर मराठीत लिहून द्यायला आणि प्रत्येक मॉडेलच्या किल्लीवर ताडून बघायला आम्ही तयार आहोत.

कळावे,
मोटारींच्या किल्ल्या आणि वायरिंगचं काम करणारे कारागीर
पुणे